किंकाळीचा पाठभेद

चित्रपटगृहातला प्रेक्षक आणि घरातला प्रेक्षक हे एकच गृहस्थ असले, तरी त्यांच्या स्वभावात महदंतर असते. चित्रपटगृहात ते भाविक असतात. तिकीट काढून अंधारात बसावे आणि समोर येईल तो प्रसाद मुकाट्याने ग्रहण करावा, एवढेच त्यांना ठाऊक. तेच गृहस्थ घरी आरामखुर्चीत टेकले आणि रिमोट हाती आला, की त्यांच्यात एक परीक्षक जागा होतो. आवडलेला प्रसंग ते चार वेळा पाहतात, कंटाळवाणा पळवतात, आणि एखादी आकृती संशयास्पद वाटली, तर भर लढाईत सेनापतीला तलवार उगारलेल्या स्थितीत गोठवून ठेवतात. चित्रपट घरी आला तेव्हा पाहण्याची जागा बदलली, आणि तिच्यामागोमाग पाहणाराही बदलला. या नव्या प्रेक्षकाने एका चित्रपटाच्या खुद्द निर्मात्याशी जो तंटा मांडला, त्याची हकीकत मी आज सांगणार आहे.

अंतराळातल्या लढायांच्या इंग्रजी चित्रपटात मराठीच्या अध्यापकाने का डोके घालावे, असे कुणी विचारील. त्यांना माझे उत्तर असे, की ज्या गोष्टीला आम्ही वर्गात ‘पाठभेद’ म्हणतो आणि जी ऐकताना मागच्या बाकावरची मुले जांभया देतात, तिच्यावरून जगभरचे हजारो लोक हिरीरीने भांडताना मला या एकाच ठिकाणी आढळले. मग डोके घालणे भागच होते!

जॉर्ज ल्यूकस यांचा ‘स्टार वॉर्स’ हा वैज्ञानिक अद्भुतपट मे १९७७ मध्ये अमेरिकेत झळकला आणि त्याने उत्पन्नाचे जुने उच्चांक मोडले. त्याचा उत्तरभाग ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ मे १९८० मध्ये आला. कथा ल्यूकस यांची, दिग्दर्शन अर्विन कर्शनर यांचे. उत्तरभाग म्हणजे पहिल्या भाकरीच्या पिठात पाणी घालून थापलेली दुसरी भाकरी, असा आपला नेहमीचा अनुभव. येथे मात्र तसे झाले नाही. पहिल्या भागात नायक जिंकतो; दुसऱ्यात तो हरतो. काळा मुखवटा घातलेला खलनायक डार्थ व्हेडर तरुण ल्यूकचा हात तोडतो, आणि वर आपणच त्याचा जन्मदाता असल्याचे सांगतो.

हे रहस्य इतके जपले होते, की मुखवट्याच्या आत उभ्या असलेल्या डेव्हिड प्राउस या नटालाही चित्रीकरणात खोटेच वाक्य म्हणायला दिले होते. खरे वाक्य जेम्स अर्ल जोन्स यांनी आपल्या धीरगंभीर आवाजात नंतर ध्वनिमुद्रित केले, आणि ते वाचल्यावर हा व्हेडर खोटे बोलत असणार, असेच त्यांनाही वाटले होते. चित्रपटगृहातल्या प्रेक्षकांची अवस्था याहून वेगळी नव्हती. तिसरा भाग १९८३ मध्ये येईपर्यंत, व्हेडर खरे बोलला की खोटे, या वादात मुलांची तीन वर्षे गेली. गोष्ट अर्ध्यावर सोडली म्हणून काही समीक्षकांनी नाकेही मुरडली.

१९८४ साल उजाडले. त्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनी कंपनी आणि युनिव्हर्सल स्टुडिओ यांच्या दाव्याचा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी दिला. दूरदर्शनवरचा कार्यक्रम पुढे सवडीने पाहण्यासाठी घरच्या यंत्रावर टिपून ठेवणे, हा गुन्हा नव्हे, असे ठरले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘एम्पायर’ची व्हिडिओ कॅसेट निघाली. चित्रपटगृहात आठवड्यांचे गणित असते. चित्रपट उतरला की उरते ती आठवण. कॅसेटचे गणित निराळे. ती कपाटात राहते, आणि लहान मूल तीच कॅसेट पुन्हा पुन्हा लावते, तशी ती त्याला श्लोकासारखी पाठ होते.

या पारायणांतून नजर किती तीक्ष्ण झाली, याचा एकच दाखला देतो. चित्रपटात ढगांतले एक शहर रिकामे करताना पळापळ होते. त्या गर्दीत नारिंगी पोशाखातला एक इसम जेमतेम क्षणभर दिसतो. त्याच्या हातात एक पांढरा डबा आहे. चित्रपटगृहात त्याच्याकडे कोण पाहतो? पण घरच्या प्रेक्षकांनी कॅसेट थांबवली, निरखले, आणि शोध लावला, की हा डबा म्हणजे घरगुती आइस्क्रीम करण्याचे यंत्र आहे! पुढे चाहत्यांच्या संमेलनांत तसेच नारिंगी पोशाख करून आणि आइस्क्रीमचे यंत्र बगलेत मारून धावण्याची प्रथाच पडली. २०१९ मध्ये ‘द मँडलोरियन’ या मालिकेत तोच डबा मौल्यवान ऐवज ठेवायची पेटी म्हणून कथेत आला. प्रेक्षकांची थट्टा अशी मूळ ग्रंथात जाऊन बसली.

कॅसेटने दिले तसे काही हिरावूनही घेतले. या चित्रपटाची चौकट उंचीच्या सव्वादोनपटींहून अधिक रुंद. तेव्हाचा दूरदर्शन संच जवळजवळ चौकोनी. साहजिकच कॅसेटवर चित्राच्या कडा कापल्या जात, आणि पाच भागांपैकी सुमारे दोन भाग बाहेरच राहत. पुढे वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण रुंदीच्या आवृत्त्या निघाल्या, तेव्हा पट्ट्यांनी चित्र झाकले म्हणून अनेकांनी कुरकूर केली. चित्र खरे तर आता कुठे उघडे झाले होते!

शाळेच्या शेवटच्या वर्षांत मी जो ‘एम्पायर’ पाहिला तो असाच, कडा कापलेला. कॅसेट भाड्याची होती आणि मधूनमधून पडद्यावर मुंग्या येत. तरी शेवटचा प्रसंग मनावर कोरला गेला. हात तुटलेला ल्यूक एका अथांग पोकळीच्या काठावर उभा आहे. बाप हात पुढे करून बोलावतो आहे. मुलगा एकवार त्याच्याकडे पाहतो आणि हात सोडून खाली झेपावतो. तोंडातून शब्द नाही, हुंदका नाही. बापाचे राज्य घेण्यापेक्षा मरण बरे, हा निश्चय त्या मौनातून जितका कळतो तितका दहा वाक्यांतून कळला नसता.

१९९५ मध्ये या चित्रपटांच्या कॅसेटी पुन्हा निघाल्या, तेव्हा मूळ आवृत्ती घेण्याची ही शेवटची संधी, अशी जाहिरात झाली. व्यापाऱ्याच्या ‘शेवटच्या संधी’कडे आपण हसून पाहतो. ही मात्र बऱ्याच अंशी खरी ठरली. १९९७ मध्ये ल्यूकस यांनी तिन्ही भागांत नवी दृश्ये घालून ‘विशेष आवृत्ती’ काढली. ‘एम्पायर’मध्ये ढगांतल्या शहराच्या भिंतींना खिडक्या आल्या आणि बर्फातला राक्षस पूर्ण दिसू लागला. या गोष्टी शोभेच्या. पण पोकळीत झेपावणाऱ्या ल्यूकच्या तोंडी एक लांबलचक किंकाळीही घातली गेली.

एका किंकाळीने काय होते? सारेच होते. मौनाने जो झेपावला तो निश्चयाने झेपावला. किंचाळत जो गेला तो पडला. पात्र तेच, उडी तीच, पण अर्थ फिरला. ज्यांनी तो प्रसंग शंभर वेळा पाहिला होता त्यांच्या कानांना ते तत्क्षणी खटकले.

दुसरा बदल मला भाषेचा शिक्षक म्हणून अधिक बोचतो. मुलगा हातचा गेल्यावर व्हेडर मूळ चित्रपटात आपले यान आणायला सांगतो, तेही मोजून तीन शब्दांत. हरलेल्या बापाला त्याहून अधिक बोलवत नाही. नव्या आवृत्तीत त्या जागी, मी येत आहे तरी माझ्या युद्धनौकेला तयारीची सूचना द्या, अशा अर्थाचे लांब वाक्य आले. दुःख गेले आणि कचेरीतले परिपत्रक उरले!

२००४ च्या डीव्हीडीत ती किंकाळी निमूटपणे काढून टाकण्यात आली, पण दुसरे बदल झाले. मूळ चित्रपटातल्या सम्राटाचा चेहरा एका स्त्रीचा होता, त्यावर चिंपांझीचे डोळे बसवले होते आणि आवाज तिसऱ्याच नटाचा होता. त्या चमत्कारिक सम्राटाच्या जागी पुढच्या भागांत ती भूमिका करणारे इयन मॅक्डर्मिड आले, आणि संवादही पालटले.

मागच्या सुट्टीत आमच्या घरी यावरूनच जुंपली. चिरंजीव अकरावीत आहेत. त्यांनी हा चित्रपट इंटरनेटवरून पाहिला. सम्राट पडद्यावर आला तसा मी म्हणालो, “हा तो नव्हे.”

“बाबा, हाच तो. सगळ्या भागांत हाच आहे.”

“मी पाहिला त्याचे डोळे माकडासारखे होते.”

“तुम्हाला दुसरा कुठलातरी सिनेमा आठवतोय.”

सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो, एका म्हाताऱ्या राजावरून घर कशाला डोक्यावर घेता?” वास्तविक आम्ही दोघेही बरोबर होतो. एकाच घरात एकाच ग्रंथाचे दोन पाठ नांदत होते. फरक एवढाच, की त्याचा पाठ एका बोटाच्या दाबाने समोर येत होता, आणि माझा दाखवायला माझ्यापाशी काहीच नव्हते.

तंट्याचे मूळ येथे आहे. ल्यूकस यांची बाजू पोकळ नाही. पैसा आणि यंत्रे अपुरी पडल्याने चित्रपट अर्धामुर्धा राहिला. तुम्ही त्या अर्ध्यामुर्ध्या रूपाच्या प्रेमात पडलात त्याला मी काय करू, असे त्यांचे म्हणणे. आपल्या कृतीवरून पुन्हा हात फिरवण्याचा हक्क कलावंताला कोण नाकारील? कवी दुसऱ्या आवृत्तीत शब्द बदलतोच. परंतु त्याची पहिली आवृत्ती ग्रंथालयाच्या फडताळात शाबूत असते. येथे नव्या आवृत्तीबरोबर जुनी बाजारातून उठली. गंमत पाहा: १९८८ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे, जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग चढवणाऱ्यांविरुद्ध ज्यांनी साक्ष दिली आणि नफ्यासाठी कलाकृती बदलणे हा रानटीपणा ठरवला, त्यांत हेच ल्यूकस होते!

प्रेक्षकांच्या ओरडीनंतर २००६ मध्ये मूळ आवृत्ती डीव्हीडीवर आली खरी, पण जोडतबकडी म्हणून, आणि तीही १९९३ च्या लेसर तबकडीसाठी केलेल्या प्रतीवरून. रुंद संचावर ते चित्र चारी बाजूंनी काळ्या चौकटीत आक्रसलेले दिसे. जेवायला बोलावून उंबऱ्यापाशी पान मांडावे, तसा तो सत्कार होता. मग काही चाहत्यांनी चित्रपटगृहांत फिरलेल्या ३५ मिलिमीटरच्या जुन्या प्रती मिळवल्या आणि एकेक चौकट स्वच्छ करून मूळ पाठ जुळवला. कायद्याने त्यांचा त्यावर अधिकार नाही, हे खरेच. पण त्यांची चिकाटी पाहून मला पुण्यातले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आठवले. तेथे १९१९ पासून १९६६ पर्यंत बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. त्या संपादकांनी जो पाठ ग्राह्य मानला तो वर छापला. पण बाकीचे जाळले नाहीत. ते तळटिपांत आणि परिशिष्टांत राहिले, म्हणून पुढच्या अभ्यासकाला संपादकांशी भांडण्याची सोय राहिली.

ती सोय हवी. २०१० मध्ये ‘एम्पायर’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत जतनासाठी निवडला गेला. २०२५ च्या जूनमध्ये लंडनमध्ये पहिल्या ‘स्टार वॉर्स’ची १९७७ ची जुनी प्रत दाखवली, तेव्हा लोक ती पाहायला मुद्दाम गेले. यंत्रांची कथा मात्र उलट आहे. व्हिडिओ कॅसेटचे यंत्र बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्याने २०१६ मध्ये ते काम थांबवले. कॅसेट कपाटात असली, तरी उद्या तिला वाचा कोण देणार? आणि इंटरनेटवरून येणारा चित्रपट तर आपल्या कपाटात नसतोच. तो कुठेतरी दूर असतो. तेथे रात्रीतून एक वाक्य बदलले, तर सकाळी आपल्याला पत्ताही लागणार नाही.

माझ्यापुरता निवाडा मी करून टाकला आहे. बदलण्याचा हक्क निर्मात्याचा. आधीचे पुसून टाकण्याचा हक्क कुणाचाच नाही. एकदा हजारो घरांत पाठ झालेली गोष्ट त्या घरांचीही होते. आमच्या चिरंजिवांना किंकाळीचा, बिनकिंकाळीचा, माकडाच्या डोळ्यांचा, सगळेच पाठ पाहू द्यावेत आणि बापाशी खुशाल वाद घालू द्यावा. वाचकहो, तुमच्या माळ्यावर एखादी जुनी कॅसेट असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याच्या तागडीत टाकण्यापूर्वी तिच्यावर काय लिहिले आहे तेवढे वाचा. कुणी सांगावे, एखाद्या गोष्टीची मूळ प्रत तुमच्याच घरी उरली असेल.