ऑइल काळं पडलं म्हणून इंजिनाला जुलाब देऊ नका!

मोटारसायकलचं ऑइल बदलायला तुम्ही तालुक्याला जाता. मेस्त्री खालचा बोल्ट सोडतो, डांबरासारखं काळं ऑइल घमेल्यात पडतं. तेवढ्यात दुकानदार एक छोटी बाटली पुढे करतो. ‘‘हे टाका, इंजिन आतून चकाचक होईल, अॅव्हरेज वाढेल.’’ घमेल्यातलं ऑइल पाहून आपल्यालाही ते पटतं. पण बाटलीचे पैसे देण्याआधी थोडं थांबा.

ऑइल काळं पडलं म्हणजे वाया गेलं, असं नव्हे. चांगल्या इंजिन ऑइलमध्ये मळ सोडवणारी आणि तो तरंगता ठेवणारी द्रव्यं मुळातच मिसळलेली असतात. इंजिनातली काजळी ऑइल स्वतःच्या अंगावर घेतं, म्हणून ते काळं होतं. कपडे धुतल्यावर पाणी काळं झालं तर आपण साबणाला नावं ठेवतो का? तसंच हे.

आता मोटारसायकलची खरी मेख. चारचाकीचा क्लच बहुधा कोरडा, इंजिन ऑइलपासून वेगळा असतो. आपल्या बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत मात्र पिस्टन, गिअर आणि क्लच प्लेटा या तिन्हींना एकच ऑइल पुरतं. बाजारातल्या पुष्कळ बाटल्या चारचाकीसाठी केलेल्या असतात. त्यातल्या द्रव्यानं ऑइल जास्त निसरडं झालं, तर क्लच प्लेटा सुटायला लागतात. मागं दुधाचे दोन कॅन, समोर चढ, इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ ही खूण पाहून घ्या. ‘एमबी’ खुणेचं ऑइल बिनगिअरच्या स्कूटरसाठी असतं.

दुसरा धोका जुन्या गाडीला. वर्षानुवर्षं बसलेला गाळ औषधानं एकदम सुटला, तर तो ऑइलच्या जाळीत आणि बारीक वाटांत अडकू शकतो. वर हेडपर्यंत ऑइल पोचलं नाही की इंजिन कोरडं चालतं आणि जाम होतं. शिवाय बोल्ट सोडला तरी सगळं औषध बाहेर येत नाही. जे आत राहतं ते नवं ऑइल पातळ करतं. रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन धुण्याची जुनी रीतही याच कारणानं सोडलेली बरी.

मुळात गाळ होतो कशानं? घर ते मळा एवढ्या जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. आतली पाण्याची वाफ आणि न जळालेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. त्यात ऑइल बदलायला उशीर झाला की गाळ धरतो. त्यावर उपाय साधे आहेत.

गाडीच्या पुस्तकात दिलेले किलोमीटर किंवा महिने, यांतलं जे आधी भरेल तेव्हा ऑइल बदला. गाडी कमी फिरत असेल तर महिने मोजा. इंजिन कोमट असताना ऑइल काढा, म्हणजे मळ सोबत निघतो. गाडी फार दिवस दुर्लक्षित असेल तर पुस्तकात सांगितलेलं ऑइल भरून साधारण ५०० किलोमीटर चालवा, पुन्हा बदला आणि जाळी साफ करून घ्या. गाळ हळूहळू निघेल, इंजिनाला धक्का बसणार नाही.

सपाट जागी, डबल स्टँडवर गाडी उभी करून आठवड्याला ऑइलची काडी पाहत जा. पातळी काडीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवी. ऑइल दह्यासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय, ते ताबडतोब बदला. सायलेन्सरमधून सारखा निळा धूर येत असेल तर रिंगा, पिस्टन तपासून घ्या. झिजलेली रिंग कुठल्याही बाटलीनं भरून येत नाही.

बाटली घ्यायचीच असेल, तर ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालते असं तिच्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि काढलेलं काळं ऑइल बांधावर किंवा विहिरीकाठी ओतू नका, गॅरेजमध्येच जमा करा.

बैलाला रोज वेळेवर चारा-पाणी दिलं तर औषधाची वेळ क्वचितच येते. गाडीचंही तसंच आहे.