पासबुकात शून्य दिसतंय, मग संयुक्त शाळा अनुदान आलं कुठं?



फेब्रुवारी लागला की केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक प्रश्न हमखास येतो. "अनुदान आलं का हो? आमच्या पासबुकात तर शून्यच आहे." खाली दहा जण लिहितात, "आमच्याही." मग कोणीतरी जुनेजाणते सर लिहितात, "शून्यच असणार, लिमिट बघा." आणि चर्चा तिथंच थांबते. नव्याने मुख्याध्यापकपदाचा प्रभार घेतलेल्या ताईंना किंवा सरांना लिमिट म्हणजे काय, ते कुठं बघायचं, हे काही कळत नाही. मलाही पहिल्या वर्षी कळलं नव्हतं आणि त्याचा फटका शाळेला बसला. म्हणून हा लेख.

आधी थोडं मागचं. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात शाळेला शाळा अनुदान, देखभाल-दुरुस्ती अनुदान असं वेगवेगळं मिळायचं. 2018-19 पासून समग्र शिक्षा सुरू झाली आणि त्याऐवजी एकच 'संयुक्त शाळा अनुदान' आलं. केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40 टक्के. तेव्हा पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या बचत खात्यावर जमा व्हायचे. अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीचा चेक फाडायचा, दुकानदाराला द्यायचा. मार्चमध्ये खर्च झाला नाही तरी रक्कम खात्यावर पडून असायची, वर चार पैसे व्याजही लागायचं.

ही सोय 2021 मध्ये संपली. देशभरातल्या लाखो खात्यांवर सरकारी पैसा नुसता पडून राहतो, हे कारण देऊन केंद्रीय अर्थ मंत्रालयानं मार्च 2021 मध्ये नवी पद्धत ठरवली आणि 1 जुलै 2021 पासून ती लागू केली. योजनेसाठी राज्यात एकच मुख्य खातं, ते एकाच नोडल यंत्रणेकडे. खालच्या सगळ्यांना, म्हणजे जिल्हा, तालुका आणि शाळा यांना शून्य शिलकीची खाती. आपापल्या खात्यात शिल्लक राहिलेली जुनी रक्कम व्याजासह परत पाठवायला लावली होती, ते बऱ्याच जणांना आठवत असेल.

तेव्हा आता शाळेच्या खात्यावर पैसे येतच नाहीत, खर्चाची मर्यादा येते. पैसा राज्याच्या मुख्य खात्यातच असतो. आपल्याला फक्त सांगितलेलं असतं की तुम्ही यातून इतक्या रुपयांपर्यंत देणी देऊ शकता. किराणा दुकानात उधारीची वही असते ना, तसं समजा. दुकानदार म्हणतो, "गुरुजी, पाच हजारांपर्यंत माल न्या." त्यामुळे तुमच्या खिशात पाच हजार येत नाहीत. माल नेला तरच त्याचा उपयोग. 31 मार्चला ही वही बंद होते आणि न वापरलेली मर्यादा परत जाते. पुढच्या वर्षी ती मिळेलच असं धरून चालू नका.

ही मर्यादा पासबुकात नाही, पीएफएमएस प्रणालीवर दिसते. शाळेची दोन लॉगिन असतात. एकातून देयक भरायचं, दुसऱ्यातून मंजूर करायचं. त्याआधी ज्याला पैसे द्यायचेत त्या दुकानदाराची किंवा कारागिराची नोंद करावी लागते. त्याचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला तर देयक परत येतं आणि मार्च असेल तर पुन्हा करायला वेळ उरत नाही. मंजुरी झाली की पीपीए नावाचा कागद निघतो. त्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांच्या सह्या, शिक्का, आणि तो बँकेत द्यायचा. त्या कागदाला मुदत असते. काढून कपाटात ठेवला तर रद्दी झाली म्हणून समजा. रोख रक्कम काढायची सोय कुठंच नाही. रोज हजेरीवर येणारा गवंडी "मला रोखच द्या" म्हणतो, तेव्हा त्याला आधी बँक खातं आणि नंतर ही सगळी पद्धत समजावून सांगावी लागते. वर्गात वजाबाकी शिकवणं त्यापेक्षा सोपं.

आता किती मिळतं ते पाहू. केंद्राच्या निकषाप्रमाणे पट 1 ते 30 असेल तर वर्षाला 10,000 रुपये. 31 ते 100 पटाला 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1,000 ला 75,000 आणि त्यापुढे 1,00,000. हे निकष कमाल आहेत. प्रत्यक्षात एखाद्या वर्षी निम्मीच मर्यादा येते, कधी दोन टप्प्यांत येते. म्हणून आपल्या वर्षाचं पत्र वाचूनच नियोजन करा.

या आकड्यांशी जरा गणित करून बघा, चौथीच्या मुलांना देतो तसं. पट 30 असलेल्या शाळेला दर मुलामागे साधारण 333 रुपये पडतात. पट 31 झाला की तेच 806 होतात. एका लेकरामुळे शाळेला 15,000 रुपये जास्त! उलट 250 पटाच्या शाळेत दर मुलामागे 200 च. पण मोठ्या शाळेत वीजबिल एकच, मीटर एकच, कुलूप एकच. लहान शाळेतही तेवढंच. वीस मुलांच्या शाळेला एक टीव्ही, एक संगणक, पाण्याची मोटर, स्वच्छतागृह हे सगळं लागतंच. राज्यात 20 पेक्षा कमी पटाच्या 14 हजारांहून जास्त शाळा असल्याचं 2023 मध्ये पुढं आलं होतं. त्या सगळ्या या 10,000 च्या रकान्यात बसतात. माझं स्पष्ट मत आहे की पटाबरोबर शाळेला किमान एक ठरावीक रक्कम देखभालीसाठी हवी. पण ते ठरवणं आपल्या हातात नाही. आपल्या हातात युडायसची माहिती बरोबर भरणं आहे. अनुदान त्या पटावरून ठरतं, हजेरीपटावरून नाही. आपल्या जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, युडायस क्रमांक मात्र अजून 2726 नंच सुरू होतो. तो क्रमांक आणि त्याखाली भरलेला पट हीच वरच्या कार्यालयांसाठी तुमची शाळा.

इथं आमच्याकडची अडचण सांगतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. हंगामी वसतिगृहामुळे किंवा आजी-आजोबांकडे राहून काही मुलं टिकतात. पण शाळा व्यवस्थापन समितीचं काय? शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधूनच. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन खर्चाच्या वेळेला, सही करणारा माणूस उसाच्या फडात असतो.

माझ्या पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं. आमचा पट 40 च्या आसपास. मर्यादा आली तेव्हा मार्चचा तिसरा आठवडा होता. अध्यक्ष ताई प्रवरा पट्ट्यात तोडीवर होत्या. मी पीपीए घेऊन मोटरसायकलवर निघालो. दुपारी कोपी सापडली, ताई फडात. चिखलाचे हात लुगड्याला पुसून त्यांनी सही केली. म्हणाल्या, "गुरुजी, एवढ्याशा सहीसाठी एवढ्या लांब आलात? पोरगी बरी हाये ना माझी?" त्यांची पोरगी तिसरीत होती, आजीजवळ. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो तर तीनपैकी दोन कागद घेतले. तिसऱ्याच्या खाते क्रमांकात चूक होती, चूक माझीच. ती दुरुस्त करून पुन्हा सही आणायला वेळ उरला नाही. 9,000 रुपये परत गेले. त्यातून मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार आणि टाकी बसवायची होती. दार पुढच्या दिवाळीत बसलं, गावातल्या एका माजी विद्यार्थ्यानं दिलेल्या पैशातून.

तेव्हापासून आम्ही समितीची मुख्य बैठक दिवाळीच्या आधी घेतो, माणसं गावात असताना. मर्यादा आलेली नसली तरी अंदाजे किती येईल ते धरून खर्चाचा क्रम ठरवतो आणि इतिवृत्तात ठराव लिहितो. दरपत्रकं तेव्हाच मागवतो. दुकानदारांची नोंद प्रणालीवर तेव्हाच करून खाते क्रमांक पासबुकाच्या झेरॉक्सशी दोघं जण ताडून बघतो. मर्यादा आली की मग फक्त देयक आणि सही उरते. समितीची नव्यानं रचना होते तेव्हा पालकांना हेही सांगतो की अध्यक्ष शक्यतो वर्षभर गावात राहणारा असावा. यात एक दुखणं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या आईलाच आपण बाजूला काढतोय असं वाटतं. म्हणून आमच्याकडे अध्यक्ष गावातले, पण दिवाळीआधीच्या बैठकीत क्रम ठरवताना तोडीला जाणाऱ्या पालकांचं आधी ऐकायचं, असा रिवाज ठेवलाय.

खर्च कशावर करायचा? वीजबिल, पाणी, इंटरनेट, खडू-कागदासारख्या वस्तू, नादुरुस्त साहित्य बदलणं, शैक्षणिक साहित्य, इमारतीची आणि स्वच्छतागृहाची किरकोळ दुरुस्ती, हे सगळं यातून चालतं. किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्चायची असते. साबण, हात धुण्याची जागा, टाकी धुणं त्यात येतं. माझा क्रम सांगायचा तर आधी थकलेलं वीजबिल, मग पाणी आणि स्वच्छतागृह, मग वर्ग. भिंती रंगवायला सगळ्यांनाच आवडतं, फोटोही छान येतात. पण वीज तोडल्यावर टीव्ही आणि टॅब कपाटात जातात, मग रंगीत भिंतीसमोर पुन्हा खडू-फळाच.

दुसऱ्या योजनांचे पैसे यात मिसळू नका. खेळ साहित्याचं अनुदान वेगळं, ग्रंथालयाचं वेगळं. गणवेशाचे दोन जोडांचे 600 रुपये वेगळे. त्याची खरेदी 2024-25 मध्ये राज्यस्तरावरून करून बघितली, पण डिसेंबर 2024 मध्ये ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. पोषण आहाराचा दर 1 मे 2025 पासून प्राथमिकला दर मुलामागे रोज 6.78 रुपये आणि उच्च प्राथमिकला 10.17 रुपये झाला, त्याचा हिशेब स्वतंत्र. प्रत्येकाची कीर्द, प्रमाणकांची फाईल आणि उपयोगिता प्रमाणपत्र निराळं ठेवलं की लेखापरीक्षणात डोकं दुखत नाही. वस्तू आणली त्याच दिवशी साठा नोंदवहीत चढवा. आक्षेप बहुतेक वेळा पैसे खाल्ल्याचे नसतात, नोंद न केल्याचे असतात. वसुली मात्र दोन्हीची सारखीच निघते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. छताला तडा गेला असेल, भिंत फुगली असेल, तर संयुक्त अनुदानातून गिलावा मारून तो झाकू नका. 28 ऑगस्ट 2017 ला नगर तालुक्यातल्या निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेत पावसात वर्गखोली कोसळली. तीन मुलं गेली, बरीच जखमी झाली. त्यानंतर जिल्हाभर धोकादायक खोल्यांची मोजदाद झाली, खोल्या पाडल्या, मुलं मंदिरात, समाजमंदिरात बसली. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाच्या मनात पहिल्या मोठ्या पावसाला ते नाव येतंच.

खोलीचं काम 10,000 किंवा 25,000 चं नाहीच. त्यासाठी समितीचा ठराव, फोटो आणि पत्र घेऊन प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचा. पोच घ्यायची, पोच महत्त्वाची. पंचायत समितीचे अभियंता पाहणी करतात. इमारत वापरायोग्य नाही असं ठरलं तर निर्लेखनाचा प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे जातो. मंजुरी मिळेपर्यंत खोली पाडता येत नाही. पण मुलं आत बसवायची नाहीत, एवढं आपण त्याच दिवशी करू शकतो. नवीन खोली किंवा मोठी दुरुस्ती जिल्हा नियोजन समितीचा निधी, जिल्हा परिषदेचा सेस, समग्र शिक्षेचा बांधकाम निधी यांतून होते. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे पैसे येतात, त्यातला काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित असतो. शाळेचं स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी त्यात बसतं. मात्र गावाच्या विकास आराखड्यात शाळेचं काम लिहिलेलं हवं. म्हणून आराखड्याच्या ग्रामसभेला ठरावाची प्रत घेऊन जा, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आधीच देऊन ठेवा. शिक्षक तिथं बोलला तर काही जणांना खटकतं. समितीतल्या आया बोलल्या की विषय लिहिला जातो, हा माझा अनुभव.

आमच्या शाळेची पूर्वेकडची खोली निर्लेखनाच्या यादीत आहे. दाराला कुलूप आहे, वर लाल रंगात 'धोकादायक' लिहिलंय, आणि त्या पाटीचे 120 रुपये स्वच्छतेच्या नव्हे, दुरुस्तीच्या रकान्यात टाकलेत. चारही वर्ग सध्या दोन खोल्यांत बसतात.