इनपुट मंडलातील ट्रान्झिस्टरची संपृक्तता व तिचे निवारण

नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी उभा राहिला; पुढे सुखोई-३० एमकेआय विमानेही तेथे बांधली गेली. लष्करी विमानांतील उपकरणे जोडणाऱ्या मिल-स्टँडर्ड-१५५३-बी या प्रमाणित माहितीवाहिनीवरून सेकंदास १० लक्ष बिट जातात. मँचेस्टर संकेतनामुळे त्यातील लघुतम स्पंद अर्ध्या मायक्रोसेकंदाचा असतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील ‘ट्रान्झिस्टर : एक स्विच’ हे परिचित मंडल अशा स्पंदापुढे अपुरे पडू शकते.

त्याचे कारण संपृक्तता होय. ५ व्होल्टचा पुरवठा व कलेक्टरला १ किलोओहम रोध असल्यास कलेक्टर प्रवाह सुमारे ४.८ मिलिअँपिअर असतो. प्रवाहवर्धन १०० मानल्यास बेसला ०.०४८ मिलिअँपिअर पुरेसा आहे. परंतु ५ व्होल्टच्या संकेतास १० किलोओहमचा रोध जोडला, की ०.४३ मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे नऊपट प्रवाह मिळतो. कलेक्टर ०.२ व्होल्टपर्यंत उतरतो, बेस-कलेक्टर संधी अग्रअभिनत होते आणि बेसमध्ये अतिरिक्त प्रभार साठतो. संकेत शून्य झाल्यावरही हा प्रभार ओसरेपर्यंत ट्रान्झिस्टर चालूच राहतो. १०० हर्ट्झवर हा साठवण-काळ ऑसिलोस्कोपवर दिसतही नाही. त्यामुळे विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीत त्याची नोंद क्वचितच होते.

बेस-प्रवाह मोजूनमापून द्यावा, हा उपाय कागदावरच शोभतो. बीसी-५४७ चे प्रवाहवर्धन गटानुसार ११० ते ८०० असू शकते. एका नगास योग्य ठरलेला रोध दुसऱ्यास चालेलच असे नाही. अतिरिक्त प्रवाहास पर्यायी वाट देणे हेच श्रेयस्कर. लिंकन प्रयोगशाळेतील रिचर्ड बेकर यांनी १९५६ मध्ये डायोडांच्या साहाय्याने हे साधले. आज एक शॉटकी डायोड पुरतो : अ‍ॅनोड बेसला, कॅथोड कलेक्टरला. बेस ०.७ व्होल्टवर असताना कलेक्टर ०.४ व्होल्टपर्यंत येताच डायोड वाहू लागतो, जादा प्रवाह कलेक्टरकडे वळतो आणि संपृक्तता खोल होत नाही. शॉटकी डायोडमध्ये अल्पसंख्य वाहकांचा साठा नगण्य असल्याने तो स्वतः विलंब लावत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे जेम्स बायर्ड यांनी १९६४ मध्ये ही जोडणी एकाच स्फटिकावर आणण्यासाठी पेटंटचा अर्ज केला. मूळ ७४ मालिकेतील द्वारांचा सुमारे १० नॅनोसेकंदांचा विलंब ७४-एस मालिकेत ३ वर आला.

मात्र ‘निम्न’ पातळी ०.२ ऐवजी ०.४ व्होल्ट होते. पुढील द्वार ०.८ व्होल्टपर्यंत निम्न मानत असल्यास गोंगाटासाठी ०.६ ऐवजी ०.४ व्होल्टच उरतात.