कवचातला मान्सून: फोरामिनिफेरा काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची अखिल भारतीय पावसाची मालिका १८७१ पासून सुरू होते. म्हणजे दीडशे वर्षांच्या थोड्या वरची नोंद. मग एखाद्या पेपरमध्ये 'साधारण नऊ हजार वर्षांपूर्वी मान्सून आजच्यापेक्षा जोरदार होता' असं वाक्य दिसलं, की तुम्हाला पहिला प्रश्न हाच पडायला हवा: हे मोजलं कुणी, आणि कशानं?

बऱ्याच वेळा उत्तर असतं फोरामिनिफेरा. लॅबमध्ये सगळे नुसतं 'फोरॅम' म्हणतात. पुराहवामानशास्त्रात पीएचडी करायचा विचार असेल तर या जिवांशी तुमची गाठ पडणारच. म्हणून या लेखात त्यांच्याकडून माहिती कशी काढतात ते बघू, आणि ती माहिती नेमकी कुठं दगा देते तेही बघू. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

फोरॅम म्हणजे काय?

फोरॅम हा एकपेशीय जीव. बहुतेक जाती कॅल्शियम कार्बोनेटचं कवच बांधतात. काही जाती पाण्याच्या वरच्या थरांत तरंगतात, त्या प्लवक. काही तळाच्या गाळात राहतात, त्या तळवासी. प्लवक फोरॅमचं आयुष्य साधारण काही आठवड्यांचं. जीव मेला की कवच तळाशी जातं आणि थरावर थर साचत राहतो. जहाजावरून नळी खुपसून तो गाळ जसाच्या तसा उभा काढला की त्याला 'कोअर' म्हणतात. कोअरमध्ये खाली जाल तसतसे तुम्ही मागच्या काळात जाता.

लॅबमधलं काम दिसायला साधं आहे. गाळाचा तुकडा वाळवून वजन करायचं, पाण्यात भिजवायचा, ६३ मायक्रोमीटरच्या चाळणीवर धुवायचा आणि पुन्हा वाळवायचा. मोजणीसाठी सहसा १५० मायक्रोमीटरपेक्षा मोठी कवचं घेतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या, बारीक टोकाच्या ब्रशनं एकेक कवच उचलून काळ्या स्लाइडवर ठेवायचं. एका नमुन्यात किमान ३०० कवचं ओळखून मोजायची, असा रूढ संकेत आहे.

पहिला पुरावा: कोण राहत होतं?

अरबी समुद्राचंच उदाहरण घेऊ. जून ते सप्टेंबर नैऋत्येचे वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत जोरात वाहतात. किनाऱ्याजवळचं वरचं पाणी समुद्राकडे ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही जात एरवी थंड पाण्यातली. पण उष्ण कटिबंधात असूनही ती या पट्ट्यात भरपूर सापडते, ती याच पाण्यामुळे. म्हणून तर्क असा: वारा जोरात, तर उत्सरण जोरात, तर बुलॉइडिस जास्त.

अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये 'नेचर'मध्ये ओमानजवळच्या ७२३ क्रमांकाच्या ड्रिलिंग स्थळाची अशी नोंद प्रसिद्ध केली. होलोसीनच्या सुरुवातीच्या काळात बुलॉइडिसची टक्केवारी जास्त होती, पुढं ती कमी होत गेली. मधूनमधून ती घसरते, आणि त्या घसरणीचा काळ उत्तर अटलांटिकमधल्या थंड काळांशी जुळतो. पुराहवामानाच्या साहित्यात हा पेपर तुम्हाला वारंवार भेटेल.

आता इथं थांबा. यात तीन खाचखळगे आहेत.

एक, टक्केवारी. समजा ३०० कवचांत ९० बुलॉइडिस आहेत, म्हणजे ३० टक्के. दुसऱ्या थरात बुलॉइडिस तेवढ्याच आहेत, पण बाकीच्या २१० ऐवजी १०५ आहेत. टक्केवारी झाली ४६! वाढलं काहीच नाही, बाकीचे कमी झाले. म्हणून टक्केवारीबरोबर एक ग्रॅम गाळामागे किती कवचं आणि गाळ किती वेगानं साचला, हेही मागा.

दोन, मोजणीतली अनिश्चितता. ३०० कवचांत ३० टक्के आले, तर ९५ टक्के खात्रीची मर्यादा साधारण ±५ टक्के येते. म्हणजे २८ आणि ३२ यांत 'मान्सून बळावला' असं म्हणायला जागाच नाही.

तीन, आणि सगळ्यात मोठा: वारा म्हणजे पाऊस नव्हे. ओमानजवळची बुलॉइडिस फार तर तिथल्या वाऱ्याची आणि उत्सरणाची खूण आहे. विदर्भात किंवा मराठवाड्यात तेव्हा किती पाऊस पडला, हे ती सांगत नाही. 'मान्सून' या एका शब्दात वारा आणि पाऊस दोन्ही लपतात, आणि पेपरचा निष्कर्ष लिहिताना एकातून दुसऱ्यात कधी उडी मारली हे कळतही नाही.

दुसरा पुरावा: कवच कशाचं बनलंय?

ऑक्सिजनची दोन समस्थानिकं इथं कामाची: हलका १६ आणि जड १८. पाणी थंड असेल तर कवचात १८चं प्रमाण थोडं वाढतं. हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये या कल्पनेचा सैद्धांतिक पाया घातला, आणि चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये ती खोल समुद्रातल्या कोअरमधल्या फोरॅमवर वापरून हिमयुगांचे चढउतार दाखवले.

पण एक अडचण होती. बाष्पीभवनात हलकं पाणी जास्त सहज निघून जातं आणि हिमयुगात ते बर्फाच्या चादरींत अडकून पडतं. मागं राहिलेला समुद्र जड होतो. म्हणजे थंडी आणि बर्फ, दोन्ही आकडा एकाच दिशेला ढकलतात. निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये युक्तिवाद केला तो तळवासी फोरॅम वापरून. खोल समुद्राचं पाणी आजच इतकं थंड आहे की हिमयुगात ते आणखी फारसं थंड होऊच शकत नव्हतं. तरीही तळाच्या कवचांत मोठा बदल दिसतो, तर त्याचा मोठा वाटा बर्फाचाच असला पाहिजे.

आकड्यांत बघा. समजा प्लवक कवचांत हिमयुग आणि आज यांत हजारी १.८ चा फरक आला. हजारी १ म्हणजे ढोबळमानानं ४ ते ४.५ अंश सेल्सियस. सगळा फरक तापमानाचा मानला तर सुमारे ८ अंश! पण बर्फाचाच वाटा हजारी १ च्या आसपास आहे. तो वजा केला की उरतात ०.८, म्हणजे फार तर साडेतीन अंश. त्यातही क्षारतेचा वाटा असू शकतो.

हे सोडवायला त्याच कवचातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचं गुणोत्तर मोजतात. पाणी एक अंशानं तापलं की ते सुमारे ९ टक्के वाढतं. तापमान असं वेगळं काढलं आणि बर्फाचा वाटा वजा केला, की उरतो तो स्थानिक पाण्याचा बदल. बंगालच्या उपसागरात आणि अंदमान समुद्रात हा उरलेला भाग मोलाचा ठरतो, कारण तिथं नद्यांचं गोडं पाणी येतं. म्हणजे पावसाबद्दल विचारायचं असेल तर तिथला कोअर जास्त जवळचा साक्षीदार. मात्र तीन मापांतल्या चुका इथं एकत्र येतात, आणि कवच अंशतः विरघळलं असेल तर मॅग्नेशियमचा आकडा कमी येतो.

वय कितीचं?

साधारण ५० हजार वर्षांपर्यंत रेडिओकार्बन चालतं. पण समुद्राचं पाणी मुळातच 'जुनं' असतं. जागतिक सरासरीनं सुमारे ४०० वर्षांची दुरुस्ती लागते, आणि उत्सरणाच्या भागात त्याहून जास्त. शिवाय तळावरचे किडे वरचा सुमारे १० सेंटिमीटर गाळ ढवळतात. हजार वर्षांत २ सेंटिमीटर गाळ साचत असेल, तर त्या थरात ५००० वर्षं एकत्र कालवली गेली. अशा कोअरमधून शतकाची घडामोड शोधायला जाऊ नका. अरबी समुद्राच्या ज्या उतारांवर ऑक्सिजन अगदी कमी आहे आणि गाळ भरभर साचतो, तिथले कोअर म्हणूनच इतके मागणीत असतात.

मग पेपर वाचताना काय बघायचं?

आलेख बघण्याआधी चार प्रश्न वहीत लिहा. हा जीव नेमकं कशाला प्रतिसाद देतो? तोच आकडा दुसऱ्या कुठल्या कारणानं येऊ शकतो? वयाची अनिश्चितता दाखवलेल्या घटनेपेक्षा लहान आहे का? आणि वेगळ्या प्रकारचा एखादा पुरावा, उदाहरणार्थ गुहेतल्या चुनखडीचा, तेच सांगतो का?

गाइडकडे पहिल्यांदा जाताना 'मला मान्सूनवर काम करायचंय' एवढंच म्हणू नका. 'मला वारा हवाय की पाऊस, आणि किती वर्षांच्या बारकाईनं' हे ठरवून जा. कोणता समुद्र, कोणता कोअर आणि कोणती जात, हे त्यावरूनच ठरतं.