छोटी आगबोट, मोठे काम

मंडळी, आगबोट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोठे थोरले जहाज येते. हजारो टन माल, शेकडो उतारू आणि उंच धुराडी! पण आज मी तुम्हांला एका लहानशा आगबोटीची हकिकत सांगणार आहे. तिची लांबी अवघी 66 फूट. तीन-चार बैलगाड्या बैलांसकट एकामागे एक उभ्या केल्या, तर साधारण तेवढीच जागा लागेल.

ही बोट स्कॉटलंडची. स्कॉटलंड हा ब्रिटनचा उत्तरेकडचा भाग. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर लहान-मोठी शेकडो बेटे आहेत. काही बेटांवर माणसे राहतात, शेती करतात, मेंढ्या पाळतात. थंडी कडाक्याची. टायरी नावाच्या बेटावर तर झाडे जवळजवळ नाहीतच. मग चूल कशावर पेटवायची? घर कशावर ऊबदार ठेवायचे? तिथे कोळसा बाहेरूनच आणावा लागे. तो आणून देण्याचे काम या बोटी करीत. कोळसाच नव्हे, तर विटा, लाकूड, चुना असा जड माल त्या घेऊन जात.

या बोटींना तिकडे 'पफर' म्हणत. हे नाव कसे पडले बघा. त्या देशात फोर्थ आणि क्लाइड या दोन नद्यांना जोडणारा एक कालवा आहे. तो 1790 साली पुरा झाला. 1856 साली या कालव्यातल्या एका मालवाहू नावेवर वाफेचे यंत्र बसवले. आधणावरचे झाकण थडथडते, ते तुम्ही पाहिलेच आहे. पाण्याची वाफ झाली की तिला कितीतरी पट जास्त जागा लागते. कोंडून ठेवली तर ती जोराने ढकलते. त्याच जोरावर यंत्र फिरते आणि बोट पुढे जाते. काम झालेली वाफ धुराड्यातून बाहेर सोडून देत. तेव्हा 'फक् फक्' असा आवाज होई. त्यावरून हे नाव पडले.

कालव्यात पाणी गोडे, आणि हवे तेवढे. म्हणून वाफ वाया गेली तरी चाले. पुढे या बोटी समुद्रात जाऊ लागल्या. समुद्राचे पाणी खारट. खारे पाणी आटवले की भांड्याच्या बुडाला मीठ धरते, तसेच बॉयलरचे होते. मग काय केले? वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करायचे आणि तेच बॉयलरमध्ये घालायचे. भाताच्या झाकणाला आतून थेंब धरतात ना, तीच युक्ती. आवाज बंद झाला, पण नाव राहिले ते राहिलेच.

बोट लहान का ठेवली? कालव्यात जागोजागी दारे लावलेले हौद असतात. त्यांत पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. त्या हौदांत मावेल एवढीच बोट बांधावी लागे. तरी तिच्या पोटात शंभर टनांच्या आसपास माल राही. शंभर टन म्हणजे सुमारे एक हजार क्विंटल!

एवढ्या बोटीवर माणसे किती? तीन किंवा चार. एक कप्तान, एक त्याचा हाताखालचा, एक यंत्र सांभाळणारा आणि बहुधा एक पोरगा. भट्टीत कोळसा टाकायचा, राख काढायची, सुकाणू धरायचे, स्वयंपाक करायचा आणि माल उतरवायलाही हात लावायचा. जुन्या बोटींवर सुकाणू धरणाऱ्याच्या डोक्यावर छप्परही नसे. पाऊस, वारा, लाटा सगळे अंगावर.

आता खरी गंमत ऐका. पुष्कळ बेटांवर धक्काच नव्हता. मग माल उतरवायचा कसा? या बोटीचे बूड सपाट असे. भरतीच्या वेळी कप्तान बोट सरळ वाळूवर नेई. ओहोटी लागली की पाणी मागे जाई आणि बोट कोरड्या वाळूवर बसे. मग गावकरी घोड्यांच्या गाड्या घेऊन थेट बोटीला भिडत. खाली पोटात माणसे फावड्याने बादल्या भरीत. वाफेच्या रहाटाने बादली वर येई आणि गाडीत रिकामी होई. सगळा गाव कामाला लागे, कारण वेळ थोडा. भरतीपासून भरतीपर्यंत सुमारे साडेबारा तास. पाणी परत येण्याच्या आत गाड्या बाहेर निघाल्या पाहिजेत.

यात धोका होता. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी भरती येते. तिला कोकणात उधाण म्हणतात. पुढे रोज भरती कमी कमी होत जाते. उधाणाच्या शिखरावर बोट फार वर चढवली, तर दुसऱ्या भरतीचे पाणी तिथवर पोचायचे नाही. मग बोट पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरा दिवस, अडकायची! त्यात वादळ आले तर लाटा तिला आपटून फोडायच्या. बोट गेली की चौघांची रोजी गेली आणि पुढच्या बेटाचा कोळसाही राहिला. म्हणून भरती-ओहोटीचे छापील कोष्टक आणि स्वतःचा अनुभव, दोन्ही कप्तानाला लागत. वाचता येणे म्हणजे काय, हे अशा वेळी कळते.

पुढे दिवस पालटले. डिझेलची यंत्रे आली. मालमोटारी पोटात घेऊन जाणाऱ्या मोठ्या बोटी सुरू झाल्या. आता कोळसा दुकानापर्यंत मोटारीने येऊ लागला. तो जुना कालवा 1963 साली बंद झाला. तो 2001 साली पुन्हा उघडला, पण तोवर पफरचे काम संपले होते. 1943 साली, महायुद्धाच्या काळात, बांधलेली अशीच एक वाफेची बोट मात्र हौशी लोकांनी जतन केली. तिचे नाव 'व्हीआयसी 32'.

मोठी जहाजे मोठ्या बंदरात थांबत. शेवटच्या घराची चूल पेटवायला मात्र ही छोटी बोटच जाई. मूर्ती लहान, पण कीर्ती महान म्हणतात, ते असे.

सांगा पाहू :
1. बोटीचे बूड सपाट का ठेवीत?
2. समुद्राचे पाणी बॉयलरला का चालत नाही?
3. उधाणाच्या शिखरावर बोट फार वर का चढवू नये?