सूत्र विसरले तर?

मित्रांनो, वर्गसमीकरणाचे सूत्र तुम्ही पाठ केले असेल. पण परीक्षेत ऐन वेळी ते आठवले नाही तर? घाबरू नका. एक चौरस काढा. तो तुम्हाला सूत्रापर्यंत नेईल.

ही रीत फार जुनी आहे. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी बगदाद शहरात अल-ख्वारिज्मी नावाचे थोर गणिती होऊन गेले. खलिफा अल-मामून यांच्या काळात (इ. स. ८१३ ते ८३३) त्यांनी एक ग्रंथ लिहिला. वारसांच्या वाटण्या, जमिनीची मोजणी, व्यापार या कामांत लोकांना त्याचा उपयोग व्हावा, हा त्यांचा हेतू होता. ग्रंथाच्या नावात ‘अल-जब्र’ हा शब्द होता. त्यावरूनच तुमचा ‘अलजब्रा’ हा शब्द आला. मराठीत त्याला बीजगणित म्हणतात.

त्यांचेच एक उदाहरण पाहू.

क्ष² + १०क्ष = ३९

वहीत एक चौरस काढा. त्याची बाजू क्ष माना. त्याचे क्षेत्रफळ क्ष² झाले. आता १०क्ष चे दोन सारखे भाग करा. प्रत्येक भाग ५क्ष, म्हणजे क्ष लांबीचा व ५ रुंदीचा आयत. एक आयत चौरसाच्या उजवीकडे जोडा, दुसरा खाली जोडा. या आकृतीचे क्षेत्रफळ ३९ आहे. पण तिचा एक कोपरा रिकामा दिसतो. त्या कोपऱ्यात ५ बाजूचा चौरस बसतो. त्याचे क्षेत्रफळ २५. तो भरा.

३९ + २५ = ६४

आता पूर्ण चौरस तयार झाला. त्याची बाजू ८. म्हणून क्ष + ५ = ८ आणि क्ष = ३.

अल-ख्वारिज्मी ऋण उत्तर घेत नसत, म्हणून ते येथेच थांबले. पण −८ चा वर्गही ६४ च येतो. क्ष + ५ = −८ घेतल्यास क्ष = −१३. दोन्ही किमती समीकरणात घालून पडताळा घ्या.

आता संख्यांऐवजी अक्षरे घ्या.

अ·क्ष² + ब·क्ष + क = ०

येथे अ शून्य नसावा. प्रत्येक पदाला अ ने भागा. क असलेले पद उजवीकडे न्या. रिकाम्या कोपऱ्यासाठी दोन्ही बाजूंत (ब/२अ)² मिळवा. मग वर्गमूळ काढा. तुमचे सूत्र तयार!

क्ष = (−ब ± √(ब² − ४·अ·क)) ÷ २अ

पाठ केलेले सूत्र कधी विसरेल. पण समजून घेतलेले सूत्र पुन्हा तयार करता येते. आज घरी एकदा पुस्तक मिटून ते स्वतः काढून पाहा.