आजोबांचे जन्मस्थान आणि नातवाचे नागरिकत्व

नागरिकत्व हा व्यक्ती आणि राज्य यांच्यामधील वैधिक संबंध होय. तो जन्मभूमीवरून ठरवावा की वंशावरून, याविषयी निरनिराळ्या राज्यांचे नियम भिन्न आहेत. पूर्वजांच्या आधारे परक्या राज्याचे नागरिकत्व मागण्याचे महाराष्ट्रास सर्वांत निकटचे उदाहरण गोमंतकाचे आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम एक कल्पित उदाहरण घेऊ. १९५० साली परदेशी राहणाऱ्या दोन तरुणांपैकी एकाचे आजोबा वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथे, तर दुसऱ्याचे म्हापशास जन्मले होते. त्यांचे अन्य पूर्वज भारताबाहेरचे होते, असे समजा. १९३५ च्या कायद्यात वर्णिलेल्या भारतात ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणाचाही जन्म झाला असेल, त्या परदेशस्थ व्यक्तीस संविधानाच्या आठव्या अनुच्छेदान्वये भारतीय वकिलातीत नोंदणी करून नागरिक होण्याची मुभा होती. सिंदीच्या नातवास हा मार्ग मोकळा होता. म्हापशाच्या नातवास तो नव्हता, कारण त्या व्याख्येतील भारतात गोव्याचा समावेश नव्हता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने हा भेद बदलला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जे स्वतः, अथवा ज्यांच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणी, गोवा, दमण व दीव येथे जन्मले होते, ते त्या दिवसापासून भारताचे नागरिक मानले गेले. एका महिन्याच्या आत लेखी निवेदन करून पूर्वीचे नागरिकत्व राखण्याची मात्र सवलत होती. ती घेणारा परकीय ठरतो, हे १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोंतेरो खटल्यात स्पष्ट केले. हा निर्णय नागपूरचे न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिला होता.

पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने मान्य केले. तथापि मुक्तीपूर्वी तेथे जन्मलेल्यांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरील हक्क त्या राज्याने नष्ट मानला नाही. १९८१ च्या पोर्तुगीज कायद्यानुसार पोर्तुगीज पित्याच्या वा मातेच्या परदेशी जन्मलेल्या अपत्याची जन्मनोंद पोर्तुगीज दफ्तरात झाली, की ते मूळ नागरिक ठरते. म्हणून प्रथम गोव्यात जन्मलेल्याची, नंतर त्याच्या अपत्याची, अशी एकेक कडी जोडीत हा हक्क पुढील पिढीपर्यंत पोहोचतो.

येथेच खरा विरोध उत्पन्न होतो. पोर्तुगीज दृष्टीने ही नोंद जन्मापासून असलेल्या नात्याची केवळ मान्यता असते व तिचा परिणाम जन्मदिनापासून धरला जातो. भारतीय कायद्याची दृष्टी निराळी आहे. १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व संपादन करणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. आणि नियमांप्रमाणे परकीय पारपत्र मिळविणे हाच त्या संपादनाचा निर्णायक पुरावा होय. एकच कृती एका राज्यात स्मरण ठरते, तर दुसऱ्यात त्याग. मतदानाचा व विधिमंडळावर निवडून येण्याचा अधिकार या त्यागाबरोबर जातो. पुढे परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणी झाली, तरी हे राजकीय अधिकार परत मिळत नाहीत.

पुराव्याचा प्रश्नही सोपा नाही. पोर्तुगीज लेखकाने शेणवी हे नाव ‘सिनाय’ असे, तर डिचोली ‘बिचोली’ असे नोंदले. मराठी कागदांत तीच नावे निराळी दिसतात. शिवाय आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. पेडण्याच्या माहेरी प्रसूत झालेल्या सावंतवाडीच्या सुनेचा मुलगा जन्माने गोव्याचा, तर सावंतवाडीच्या आजोळी जन्मलेला पेडण्याचा मुलगा जन्माने बाहेरचा. कायद्याला जन्मस्थान हवे असते. कुटुंबाला मात्र आपले गाव म्हणजे कुळाचे गाव वाटते.

सारांश, वंशाधारित हक्क हा धर्म, भाषा वा भावना यांवर नव्हे, तर दफ्तरातील एका ओळीवर उभा असतो. ती ओळ सापडली म्हणजे हक्क सिद्ध होईल. पण तो बजावावा की नाही, हा निर्णय घेताना नातवाला आजोबांच्या जन्मस्थानाबरोबरच स्वतःच्या मताधिकाराचाही विचार करावा लागतो.